कोण बोलत आहे?

दारावर थाप पडून आतून ‘कोण आहे?’ असा प्रश्न झाला, म्हणजे आपल्याकडील बहुतेक मंडळी ‘मी’ एवढेच उत्तर देतात. घरच्यांस आवाज ओळखीचा असतो, म्हणून ते चालून जाते. परंतु बोलणारा हजारो कोसांवर असेल आणि त्याचा आवाज खरखरीतून कसाबसा येत असेल, तर हे उत्तर अगदी निरुपयोगी होय. हौशी रेडिओचालकांनी या अडचणीवर जो उपाय योजिला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस विचार करण्याजोगा वाटेल, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

व्यापारासाठी नव्हे, तर ज्ञानाच्या व मैत्रीच्या आवडीने जो बिनतारी यंत्र चालवितो, तो हौशी रेडिओचालक. आपल्या देशात त्यास सरकारी परीक्षा उतरून परवाना मिळवावा लागतो. बारा वर्षे पुरी झालेल्या मुलासही ही परीक्षा देता येते. परवान्याबरोबर त्यास एक ‘कॉलसाइन’, म्हणजे संकेतनाम, मिळते. भारतातील अशा नामांचा आरंभ बहुधा ‘व्ही-यू’ या अक्षरांनी होतो. पुढील २ हा अंक सर्वसाधारण परवान्याचा व ३ हा मर्यादित परवान्याचा. त्यापुढील अक्षरे त्या मनुष्याची स्वतःची. तेच नाम एका वेळी जगात दुसऱ्या कोणाचे नसते. राजीव गांधी यांचे संकेतनाम ‘व्ही-यू-२-आर-जी’ असे होते. यंत्रापुढे बसणाऱ्याने आपला हुद्दा नव्हे, तर हे नामच सांगावयाचे असते.

आता नाम ऐकून मनुष्य ओळखावा कसा? पूर्वी यासाठी ‘कॉलबुक’ नावाचे जाडजूड ग्रंथ छापले जात. त्यांत संकेतनामापुढे मालकाचे नाव व पत्ता असे. परंतु ग्रंथ छापून दूरदेशी पोहोचेपर्यंत कित्येकांचे पत्ते बदललेले असत. १९९० नंतरच्या दशकात ही माहिती संगणकाच्या तबकडीवर व पुढे इंटरनेटवर आली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नोंदवहीचे नाव ‘क्यू-आर-झेड’ असे आहे. तारायंत्रावर मोठी वाक्ये थोडक्यात कळविण्यासाठी जी तीन-तीन अक्षरांची चिन्हे ठरली, त्यांपैकी हे एक असून, ‘मला कोण बोलावीत आहे?’ असा त्याचा अर्थ आहे. नोंदवहीस याहून समर्पक नाव क्वचितच सापडेल.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ हा छंद बाळगून आहेत. एके सायंकाळी त्यांच्यापाशी बसण्याचा योग आम्हांस आला. परदेशातून कोणी हाक दिली. यांनी ते नाम कागदावर टिपले, शेजारच्या संगणकावर शोधले, आणि क्षणार्धात त्या मनुष्याचे नाव, गाव व त्याचे छायाचित्र समोर आले. दोन वाक्यांपूर्वी केवळ एक आवाज होता. आता तेथे एक माणूस होता, व त्यास नावाने हाक मारता येत होती. पृथ्वीचे लहान चौकोन पाडून प्रत्येकास खूण देण्याची रीतही या लोकांत आहे. त्या गणतीत आपली परभणी ‘एम-के-८९’ या चौकोनात येते, हे आम्हांस त्याच दिवशी समजले.

हा केवळ खेळ नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीस भूकंप झाला व हजारो माणसे दगावली. त्या वेळी निरोप पोहोचविण्याच्या कामी हौशी रेडिओचालकांचे साह्य झाले. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राच्या प्रचंड लाटा अंदमानावर आदळल्या, तेव्हा श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सहकारी रेडिओसह पोर्ट ब्लेअर येथेच होते. त्यांनी बाहेरच्या जगाशी संबंध राखला. अशा घटकेस ‘अमका जिवंत आहे’ हा निरोप कोण देत आहे, हे ठाऊक असणे फार अगत्याचे असते.

याच्या उलट प्रकार आम्ही एका वर्गात पाहिला आहे. कोणी खोट्या नावाने मोबाईलवर एका मुलीविषयी अपशब्द लिहिले. लिहिणारा सापडला नाही. आठवडाभर मित्र मित्राकडे संशयाने पाहत होता, आणि ती मुलगी तर कोणाकडेच पाहत नव्हती. नाव लपविणाऱ्या एकाने चाळीस जणांच्या नावांवर डाग पाडला होता.

तथापि नोंदवही म्हणजे न्यायाधीश नव्हे. नाम कोणाचे आहे, हे ती सांगते. बोलणारा तोच आहे की दुसऱ्याचे नाम चोरून बोलत आहे, हे तिला कळत नाही. म्हणून संभाषण झाल्यावर उभय पक्ष दिवस, वेळ व लहरींचा पट्टा लिहून ठेवतात व एकमेकांस कार्ड पाठवितात. दोहोंकडील टिपणे जुळली, म्हणजे भेट खरी मानतात. पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घराचा पत्ता जगापुढे उघडा करणे मुलांच्या बाबतीत धोक्याचे होऊ शकते. नोंदवहीत स्वतः माहिती भरताना काय लिहावे व काय राखून ठेवावे, हे वडीलधाऱ्यांनी मुलाजवळ बसून ठरवावे. पत्ता राखून ठेवणे हा शहाणपणा आहे. दुसऱ्याचे नाव पांघरणे ही लबाडी आहे. या दोहोंतील भेद मुलांस लवकर समजावा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी ही परीक्षा उतरून आपले संकेतनाम मिळविले, तर आम्हांस मोठे समाधान वाटेल. न मिळविले, तरीही निरोप धाडण्यापूर्वी एवढे मनास विचारा, की याखाली मी आपले खरे नाव लिहीन काय? मन कचरले, तर तो निरोप धाडू नये.