साठ्यातले व्हॉल्व्ह

माझ्या पिढीने व्हॉल्व्हची तीन रूपं पाहिली. आधी तो घरातल्या मर्फी किंवा फिलिप्सच्या रेडिओत होता. बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धं मिनिट लागायचं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. मग ट्रान्झिस्टर आला, आणि तोच व्हॉल्व्ह भंगाराच्या पोत्यात गेला. आता तो जोडी जुळवून, मोजमापाच्या चिठ्ठीसह, पेटीत घालून विकला जातो. मलार्ड कंपनीच्या जुन्या ईएल३४ व्हॉल्व्हची जोडी घ्यायची तर चांगल्या मोबाइलइतके पैसे मोजावे लागतात. ते मोजणारा बहुतेकदा एका जोडीवर थांबत नाही, कपाटात आणखी चार ठेवतो. ‘पुढे मिळणार नाहीत’ हे त्याचं कारण ऐकायला बिनतोड वाटतं. मला ते पटत नाही. व्हॉल्व्ह आजही मिळतात याचं श्रेय साठा करणाऱ्यांचं नाही. ते विकत घेऊन जाळून टाकणाऱ्यांचं आहे.

साठा करायचा मोह होतो, कारण ही वस्तू नासत नाही. व्हॉल्व्हच्या आत, काचेच्या वरच्या टोकाला, आरशासारखा चकचकीत रुपेरी डाग असतो. ते बेरियम. आतली हवा उपसून काच सीलबंद केल्यावर एक छोटी कडी तापवून ते उडवतात. काचेवर बसलेला तो पातळ थर पुढे आत झिरपणारा, धातूतून सुटणारा उरलासुरला वायू शोषत राहतो. सील फुटलं तर हाच डाग दुधाळ पांढरा होतो, म्हणजे यंत्र न लावताही मेलेला व्हॉल्व्ह ओळखू येतो. डाग शाबूत असेल तर साठ वर्षांपूर्वीचा, कधीच न वापरलेला नगही बहुधा पहिल्या दिवशी चालतो तसाच चालतो. अशा वस्तूचा साठा करू नये असं कोण म्हणेल? पण जो माल आज ‘जुना पण न वापरलेला’ म्हणून सोन्याच्या भावाने जातो, तो साठवला होता कुणी, आणि कशासाठी?

संगीतासाठी तर नक्कीच नाही. त्यातला मोठा वाटा सैन्यांचा. अमेरिकन खोक्यांवर ‘जान’ हा शिक्का दिसतो. ती ‘जॉइंट आर्मी-नेव्ही’ची आद्याक्षरं, म्हणजे भूदल आणि नौदल यांच्या सामाईक प्रमाणाचा माल. रडार, बिनतारी यंत्रं, मोजणीची उपकरणं सगळी व्हॉल्व्हवर चालायची, आणि पुढचं युद्ध किती वर्षं चालेल याचा भरवसा नसल्याने गोदामं भरून ठेवली गेली. सोव्हिएत बाजूलाही तेच. १९७६च्या सप्टेंबरात सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्कोने मिग-२५ विमान जपानमधल्या हाकोदातेला उतरवलं, तेव्हा आतल्या रडारमध्ये व्हॉल्व्ह पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञ चकित झाले. काही जण हसलेही. पण अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय धक्क्यात व्हॉल्व्ह ट्रान्झिस्टरपेक्षा तग धरतात, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक असावं. थोडक्यात, आजच्या शौकिनाच्या कपाटातला माल म्हणजे शीतयुद्धाच्या भीतीतून शिल्लक राहिलेली पुंजी. पण एवढ्या साठ्याने कारखाने वाचले का? इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला मलार्डचं व्हॉल्व्हचं काम १९८०च्या दशकात आटोपलं. केटी६६ आणि केटी८८ व्हॉल्व्ह बनवणारा लंडनच्या हॅमरस्मिथचा कारखाना १९८८ला बंद पडला. अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकने ३००बी व्हॉल्व्ह करणं त्याच वर्षी थांबवलं. गोदामं भरलेली होती. नवा माल मागणारं कुणी उरलं नव्हतं.

तरी तीन ठिकाणी भट्टी विझली नाही: रशियात सारातोव्ह, चीनमध्ये चांगशा आणि स्लोव्हाकियात चाद्त्सा. चाद्त्साचा जेजे कारखाना तर चेकोस्लोव्हाकियातल्या जुन्या टेस्ला कंपनीची यंत्रसामग्री घेऊन १९९०च्या दशकात उभा राहिला. या तिघांना जगवलं ते मुख्यतः गिटारवाल्यांनी. फेंडर आणि मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरचा तो भरडा, फुटका, गोड आवाज व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपलीकडे रेटल्यानेच निघतो. १२एएक्स७ पुढे, मागे ६एल६ किंवा ईएल३४, आणि हे सगळं रोज ट्रकमध्ये चढतं, उतरतं, आदळतं, तापतं. असा व्हॉल्व्ह फार टिकत नाही, आणि कारखान्याला हवं असतं ते हेच. वादक व्हॉल्व्हची पूजा करत नाही, गेला की नवा घालतो. उंची हाय-फायचा रसिक त्याला नाक मुरडतो, पण वादकाच्याच पैशावर सारातोव्हची भट्टी पेटती राहिली. ३००बीचीही गोष्ट हीच. १९३८चा हा व्हॉल्व्ह मेला असता, पण जपानी रसिकांनी अमेरिकन चित्रपटगृहांतली जुनी यंत्रं शोधून शोधून नेली, त्यांतून मागणी जागी झाली आणि १९९०च्या दशकात उत्पादन पुन्हा सुरू झालं. आज तो अमेरिकेत, जॉर्जियातल्या रॉसव्हिल गावी बनतो.

यावर मार्च २०२२चा दाखला पुढे येणारच. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाने शेकडो वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि सारातोव्हच्या कारखान्याचे मालक, न्यूयॉर्कचे माइक मॅथ्यूज यांनी माल थांबल्याचं जाहीर केलं. चांगशाच्या शुगुआंग कारखान्याचं काम त्याआधीच विस्कटलं होतं. सगळा भार चाद्त्सावर आला आणि दुकानांच्या फळ्यांवरची खोकी दिवसांत संपली. ज्यांनी साठा केला होता ते शहाणे ठरले, असं तेव्हा वाटलं. पण काही आठवड्यांत परवानगी मिळून रशियन माल पुन्हा निघाला. अमेरिकेने वाढवलेल्या आयातशुल्काने भाव मात्र चढेच राहिले. मधल्या काळात टंचाई झाली ती बऱ्याच अंशी घाबरून चौपट खरेदी करणाऱ्यांमुळे. एक साधा हिशेब मांडून पाहावा. रोज दोन तास गाणी ऐकणाऱ्याचे आउटपुट व्हॉल्व्ह दोन हजार तास चालले, तर एक जोडी पावणेतीन वर्षं पुरते. चार जोड्या म्हणजे अकरा वर्षं. पुढच्या टप्प्यातला लहान १२एएक्स७ दहा हजार तास सहज काढतो, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. एक अतिरिक्त संच ठेवणं हे शहाणपण आहे, यात वाद नाही. तीस नग ठेवणाऱ्याला गाणी ऐकायची आहेत की भाव चढायची वाट पाहायची आहे, हे त्याने स्वतःला विचारावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जुने व्हॉल्व्ह खरोखरच चांगले होते. मला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. केसाइतकी बारीक तार ठरल्या अंतराने ग्रिडवर गुंडाळणं, निकेलच्या नळीवर बेरियम-स्ट्रॉन्शियमचा लेप सारख्या जाडीने चढवणं, अभ्रकाच्या चकतीत सगळं ताठ बसवणं, यावर वर्षानुवर्षं हात बसलेले कामगार होते. ते हात गेले. पण मग साठ्याने काय वाचलं? कणगीतलं धान्य पेरता येतं. हा माल तसा नाही, त्यातून दुसरा व्हॉल्व्ह उगवत नाही. शिवाय जुन्यातला उत्तम माल केव्हाच वेचला गेला. उरलेल्यावरची छपाई पुसून वर मलार्ड उमटवणारे कमी नाहीत. टेलिफुंकन कंपनीच्या व्हॉल्व्हच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेली चौकट असते, म्हणून ती नक्कल करायला अवघड. तरीही नकली निघतातच. आणि मलार्ड हे नावच आज विकत घेतलेलं आहे, रशियात बनलेल्या मालावर ते रीतसर छापलं जातं. नव्या मालाची उणीव भरायची तर तो विकत घेऊन, खराब निघाल्यास परत पाठवून, पुन्हा घेत राहावं लागतं. कारखाना सुधारतो तो अशाच गिऱ्हाइकामुळे.

साठा खरोखर कामी येतो अशी एक जागा आहे: जुना रेडिओ. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या साहाय्याने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आज तेही परदेशी दुकानांच्या जुन्या मालात झळकतात, अर्थात ऑडिओला चालणारेच. जुना मर्फी दुरुस्त करायला घेतला तर अडतं ते ईसीएच८१पाशी, कंप्रता बदलणाऱ्या व्हॉल्व्हपाशी, नाहीतर स्टेशन नीट लागलं की मिटणाऱ्या त्या हिरव्या डोळ्यापाशी. डोळ्याचा हिरवा लेप तर वापराने मंद होत जातो. चाद्त्साच्या यादीत हे नाहीत. गिटारवाल्याला ते नकोत, म्हणून कारखानाही काढणार नाही. इथे मात्र शिल्लक खोकी हाच एकमेव पुरवठा, आणि हे व्हॉल्व्ह अजूनही स्वस्तात पडून असतात, कारण साठा करणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही.