काळा, ठिसूळ आणि हिशेबी

मोबाइलचा जुना चार्जर उघडला की पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक काळा ठोकळा दिसतो. तो फेराइट. तारेच्या वेढ्यांमधला गाभा, म्हणजे कोअर. जात कपबशीची: लोखंड, मँगनीज आणि जस्ताच्या ऑक्साइडांची भुकटी दाबून भट्टीत भाजलेली. फरशीवर पडला की टवका उडालाच.

जन्म टोकियोचा. १९३० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांच्या हातून तो घडला. १९३५ मध्ये केन्झो साइतो यांनी त्याच्या जिवावर कंपनी काढली. तीच आजची टीडीके.

त्याचा मोठेपणा उच्च वारंवारतेला कळतो. लोखंडी कोअरमध्ये भोवरी प्रवाह फिरतात आणि त्यांतली नासाडी वारंवारतेच्या वर्गाने वाढते. कोअरचे पत्रे कितीही पातळ केले तरी लाखभर हर्ट्झला लोखंड दमतं. फेराइटचा विद्युतरोध लोखंडाच्या लाखो पट, त्यामुळे हे प्रवाह त्याच्या अंगात फारसे रुजतच नाहीत.

म्हणून तो फुकट राबतो असं नाही. दर फेरीत चुंबकत्व उलटवण्याची मजुरी तो उष्णतेच्या रूपात वसूल करतो. तिचा अंदाज बांधायचं सूत्र विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने १८९२ मध्येच लोखंडासाठी मांडलं होतं; घातांक बदलून ते यालाही चालतं. चुंबकीय घनता तीच ठेवून वारंवारता दुप्पट केली, तर मजुरी साधारण अडीच पट होते. वारंवारता तीच ठेवून घनता दुप्पट केली, तर साडेपाच पटीच्या आसपास. व्होल्टेज आणि वेढे तेच असतील, तर वारंवारता दुप्पट होताच घनता निम्मी होते आणि एकूण मजुरी उलट घटते. चार्जर खिशात मावतो तो या हिशेबामुळे.

स्वभाव मात्र लहरी. टीडीकेची पीसी४० ही जात घ्या. १०० किलोहर्ट्झ आणि २०० मिलिटेस्लाला ती २५ अंशांवर घनसेंटिमीटरमागे ०.६ वॅट खाते, १०० अंशांवर ०.४१. गरम झाली की खर्च कमी! पण त्याच उष्णतेत तिची चुंबकीय घनतेची झेप अर्ध्या टेस्लावरून ०.३९ वर येते. त्यापुढे कोअर संपृक्त होतो आणि वेढ्यांतला प्रवाह बेफाम वाढतो. लोखंड दोन टेस्लापर्यंत निभावतं. म्हणून गल्लीतल्या डीपीवरची, कमी वारंवारतेची नोकरी अजून लोखंडाकडेच आहे.