बदलीवरचा गुरू

बदलीच्या नोकरीत सरकार माणसाला पुष्कळ गोष्टी देते. घर देते, सामान हलविण्याचा खर्च देते, नव्या गावी रुजू होण्यापूर्वी चार दिवसांची सवडही देते. एक गोष्ट मात्र कोणत्याही आदेशात नमूद केलेली नसते. नव्या गावी गेल्यावर रणजी सामन्यांत आपण कोणत्या संघाची बाजू घ्यावी? रायपूरच्या चौबे कॉलोनीत आम्ही चारसहा मराठी माणसे कित्येक वर्षे या प्रश्नावर बसलो आहोत, आणि निकाल अद्याप राखून ठेवलेला आहे.

आमच्या कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तेथे भेटणारी मराठी माणसे दोन तऱ्हांची. एक आमच्यासारखी, बदलीवर आलेली. दुसरी बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मुरलेल्या घराण्यांतली. या दुसऱ्या मंडळींचा हेवा वाटावा की त्यांची कीव करावी, हे मला कधी ठरविता आले नाही. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत नागपूर ही त्यांची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. २००० साली छत्तीसगड झाले. क्रिकेटचा नकाशा त्याहून संथ! नियामक मंडळाने छत्तीसगडाला पूर्ण सदस्यत्व दिले ते २०१६ मध्ये. तोपर्यंत रायपूर-भिलाईची पोरे मध्य प्रदेशाच्या निवड-चाचणीसाठी हेलपाटे घालीत असत.

छत्तीसगडाच्या पहिल्या रणजी मोसमात कर्णधार होते उत्तर प्रदेशाचे महंमद कैफ आणि प्रशिक्षक मुंबईचे सुलक्षण कुलकर्णी. दोघेही बाहेरचे, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. रांचीला त्रिपुराविरुद्धचा पहिलाच सामना संघाने जिंकला, तेव्हा मंडळात पेढे वाटले गेले. ‘पाहा, प्रतिनियुक्तीवरची माणसेच काम करून दाखवितात,’ असा शेरा एका लेखापरीक्षकाने मारला, आणि तेथील जुन्या रायपूरकरांना तो लागला.

खरा वाद पेटला तो २०१७ च्या उन्हाळ्यात. चंद्रकांत पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाल्याची बातमी आली. पंडितांनी २०१५-१६ मध्ये मुंबईला एकेचाळिसावे अजिंक्यपद मिळवून दिले होते. पुढच्याच मोसमात मुंबई इंदूरला गुजरातशी अंतिम सामना हरली आणि त्यांच्या जागी समीर दिघे आले. आमच्यातले विमा कंपनीतले मुंबईकर म्हणाले, “जो माणूस अंतिम सामन्यापर्यंत नेतो, त्याला घरी बसविणारे शहर एकच!” यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे कळण्यास मार्ग नव्हता. आमचे नागपूरकर मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. “साठ वर्षे खेळतो आहोत,” ते म्हणाले, “एकदाही अंतिम फेरी पाहिली नाही. मुंबईने नको म्हटलेला मास्तर येऊन आता काय उजेड पाडणार? आधी पोरांना शिस्तीने पळवून लावील, मग स्वतः जाईल.”

पंडितांच्या शिस्तीची कीर्ती त्यांच्या आधी पोहोचली होती. वेळेत आला नाहीस तर बसलास, असा त्यांचा खाक्या. मला त्या वादात एक गंमत दिसे. आम्ही सारे जन्मभर नव्या वरिष्ठाच्या आगमनाला भ्यालेली माणसे. नवा साहेब येणार म्हटले की त्याच्या मागच्या मुक्कामाहून बातम्या मागवायच्या, तो किती वाजता कचेरीत येतो, कोणाला फैलावर घेतो, याची चौकशी करायची, हा आमचा आयुष्याचा व्यवसाय. पंडितांबद्दल आम्ही बोलत होतो ते सारे त्याच सुरात. क्षेत्ररचना, खेळपट्टी, गोलंदाजी यांविषयी पहिले आठ दिवस एक अक्षर निघाले नाही!

माझ्यापुरता हा वाद निव्वळ करमणुकीचा नव्हता. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि डावखुरी फिरकी बरी टाकीत असे. नागपूरहून थोरल्या बंधूंचा दूरध्वनी आला : “त्याला इकडे पाठव. इथे अकादमी आहे, आता गुरूही आला आहे. तुझ्या त्या नव्या संघात काय ठेवले आहे?” दादांच्या शब्दाला आमच्या घरी फार मान. सौभाग्यवतीने तर डबा-बिछान्याची मनात मांडणीही केली असावी. ‘शिवनाथ’ने रात्रीत नागपूर गाठता येते, हे तिने मला दोनदा सांगितले, मी ते पंधरा वर्षे जाणत होतो.

मुलाला विचारले. तो म्हणाला, “बाबा, तिकडे गेलो तर मी कुठला? इथली मुले मला मराठी म्हणतात. तिथली रायपूरचा म्हणतील.” माझा जन्म अकोल्याचा, त्याचा रायपूरचा. मी विदर्भाला ‘आपला संघ’ म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझे बालपण असते. त्याच्या डोळ्यांपुढे काय असावे? तो राहिला. दादा वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते.

आणि मग तो हिवाळा आला. डिसेंबरात मुंबई उपान्त्यपूर्व फेरीत कर्नाटकाशी एक डाव राखून हरली; तीही नागपुरात, जामठ्याच्या मैदानावर. आमचे मुंबईकर तीन दिवस मंडळात फिरकले नाहीत. त्याच कर्नाटकाला विदर्भाने कोलकात्याला अवघ्या ५ धावांनी हरविले. रजनीश गुरबाणी या अभियंता झालेल्या मुलाने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध लागोपाठ तीन बळी घेऊन विक्रम केला. अक्षय वाडकरने शतक ठोकले. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने ९ गडी राखून चषक घेतला, आणि पुढच्या वर्षी नागपुरातच सौराष्ट्राला हरवून तो राखला. नागपूरकरांनी आम्हांला संत्र्याची बर्फी खिलविली. “मी म्हणालोच होतो,” असेही ते म्हणाले. कोणी हरकत घेतली नाही.

पण हे श्रेय एकट्या गुरूचे काय? मला तसे वाटत नाही. उमेश यादव, गुरबाणी, आदित्य सरवटे ही माणसे पंडितांनी घडविलेली नव्हेत. ती त्यांना तयार मिळाली. वासीम जाफर आधीच येऊन राहिला होता, गोलंदाजांवर सुब्रतो बॅनर्जी मेहनत घेत होते. पंडितांनी आणली ती एक साधी गोष्ट : आपणही जिंकू शकतो, हा हिशेब. चाळीस वेळा जिंकलेल्या घरातला माणूस तो हिशेब कपड्यांसारखा अंगावर घेऊन येतो. जुन्या रायपूरकरांना हे पटत नसे. त्यांचे म्हणणे, हिशेब शिकवून माणूस निघून जातो, वही मात्र येथेच राहिली पाहिजे.

पंडितही निघून गेलेच. २०२२ च्या जूनमध्ये त्यांच्या मध्य प्रदेशाने बंगळुरात मुंबईलाच ६ गडी राखून हरविले. याच मैदानावर १९९९ मध्ये ते मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. त्या दिवशी आमच्यातले एक वृद्ध रायपूरकर डोळे पुसताना मी पाहिले. तरुणपणी त्यांनी मध्य प्रदेशाच्या चाचणीसाठी इंदूरच्या वाऱ्या केल्या होत्या. संघ आता त्यांचा राहिला नव्हता, आनंद मात्र राहिला होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई रायपूरला आली. नव्या रायपूरच्या भल्या मोठ्या मैदानात आम्ही मूठभर माणसे बसलो होतो. पृथ्वी शॉने १५९ धावा केल्या तेव्हा मुंबईकर उठून उभे राहिले. अमनदीप खरेने १४३ केल्या तेव्हा माझा मुलगा. सामना अनिर्णित राहिला. परतताना मोटारीत दोघे भांडत होते, मी मधल्या आसनावर.

२०२५ च्या मार्चमध्ये विदर्भाने केरळाविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा चषक घेतला. प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाकडूनच खेळलेले. बाहेरचा कोणी नाही. दादांचा दूरध्वनी आला. “पाहिलेस? आता घरचाच मास्तर,” ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, “तुझा चिरंजीव काय म्हणतो?”

चिरंजीव आता नोकरीला आहे, जिल्ह्याच्या संघापलीकडे तो गेला नाही. रविवारी कॉलोनीतल्या मुलांना फिरकी शिकवितो. मी दूरध्वनी त्याच्या हाती दिला. त्याने काकांचे अभिनंदन केले, आणि हर्ष दुबेने मोसमात घेतलेले ६९ बळी कोणत्या मैदानांवर कसे घेतले, हे तो अर्धा तास विचारीत राहिला.