दोन्ही गुडघे एकदम?

"एकदाच काय ते उरकून टाकू." आईचे गुडघे बदलायचं ठरलं की घरोघरी हेच ऐकू येतं, आणि बोलतो तो बहुधा मुलगा. त्याच्या रजेचा हिशेब झालेला असतो. पहिल्याच्या दुखण्याला भिऊन दुसरा गुडघा राहूनच जातो, हे त्याचं म्हणणंही खोटं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन सर्जनचं, पुढचे दीड-दोन महिने माझे. म्हणून मी आधी विचारते, उभं कोणत्या पायावर राहणार? जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, असं आम्ही शिकवतो. दोन्ही एकदम केले की चांगला पाय उरतच नाही. कमोडवरून उठताना सगळा भार तळहातांवर येतो. खांदे, मनगटं आधीच धरलेली असतील तर काकूंना उठवायला दोन माणसं लागतात.

तरी काहींच्या बाबतीत माझं मत दोन्ही एकदम करावेत असंच पडतं. पेशंटला उताणं झोपवून मी गुडघ्यामागे हात सरकवते. दोन्हीकडे अख्खी मूठ मावली, म्हणजे गुडघे वाकलेलेच राहिले असतील, तर एकच सरळ करून भागत नाही. तो पाय लांब पडतो. मग दुसऱ्याशी जुळवून घ्यायला माणूस नवा गुडघाही वाकवूनच चालतो, आणि टेबलावर सरळ झालेला गुडघा पुन्हा आखडू लागतो.

पण सगळ्यात आधी हृदय आणि फुप्फुसं. दोन्हीकडच्या हाडांतली चरबी रक्तात उतरते, रक्तस्रावही जास्त होतो. साठीतलं धडधाकट शरीर ते सोसतं. आजारी हृदयाला ते झेपेलच असं नाही. भूलतज्ज्ञ नको म्हणाले की तिथे घासाघीस करू नये, एकेक गुडघा करावा. अटलबिहारी वाजपेयींनी पंतप्रधान असताना डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलून घेतला, उजवा जून २००१ मध्ये. दोन्ही वेळा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन राणावतांकडून. देशाचा कारभार सांभाळून त्यांनी दोनदा सवड काढली. आपल्यालाही काढता येते.

तेव्हा तारीख घेण्याआधी हृदयाचा इको करून घ्या, दोन्ही गुडघे किती सरळ होतात ते तपासून घ्या, आणि पहिले पंधरा दिवस रात्री बाथरूमला न्यायला कोण असेल त्याचं नाव ठरवा. आणि हे सगळं पेशंटच्या समोर बोला. तिच्या खोलीबाहेर नको.