पुसून रंगवलेले घोडे

असईची लढाई टेबलावर खेळायची असं आमच्या नॉटिंगहॅमच्या क्लबात ठरलं, तेव्हा मराठ्यांचं घोडदळ रंगवायचं काम कुणाकडे येणार हे वेगळं सांगायला नको होतं. क्लबात मराठी बोलणारा मी एकटाच. इंग्रजांची बाजू घ्यायला मात्र हातांची कमतरता नव्हती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर चाल केली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लू जिंकणारा हा माणूस आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईचं नाव घ्यायचा. त्यामुळे शाळेत आपण चार ओळींत उरकलेली ही लढाई इथल्या वॉरगेमरांना तोंडपाठ असते.

वॉरगेम म्हणजे मिनिएचर शिपायांची फौज मांडून, फूटपट्टी आणि फाशांच्या मदतीने लढाई खेळणं. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून या खेळाला नियम दिले होते. आणि नॉटिंगहॅम तर या छंदाचं माहेरच. मिनिएचर ओतणाऱ्या इतक्या कंपन्या या परिसरात आहेत, की छंदातले लोक या भागाला ‘लेड बेल्ट’ म्हणतात, म्हणजे शिशाचा पट्टा. नोकरीच्या निमित्ताने या गावात आलो आणि काही वर्षांतच माझ्या घरातलं एक कपाट शिपायांनी भरलं. शिपाई बहुतेक बिनरंगी. कारण विकत घेणं सोपं, रंगवणं कठीण.

असईत मराठ्यांच्या पायदळाचे कवायती शिपाईच सुमारे १०,८०० होते. एका मिनिएचरमागे तीस माणसं धरली तरी साडेतीनशे शिपाई लागतात. ते क्लबातल्या इतरांनी वाटून घेतले. माझ्या वाट्याला घोडेस्वार, तोफा आणि गोलंदाज आले. घोडदळ तर इतकं मोठं होतं की ते त्या प्रमाणात मांडायचं म्हटलं, तर क्लबाचं भाडं भरण्याऐवजी तबेलाच घ्यावा लागला असता. प्रतीकादाखल काही डझन स्वार पुरेत, असं ठरलं. पण २८ मिलिमीटर मापाचा एक स्वार म्हणजे घोडा, खोगीर, लगाम, पागोटं, अंगरखा, ढाल, भाला आणि चेहरा. नेहमीच्या ॲक्रिलिक पद्धतीने, म्हणजे आधी मूळ रंग, मग सावली, मग उजेडाचे दोन-तीन थर अशा रीतीने, एका घोड्यालाच माझा तास जातो. त्यात मला चाळिशी लागलेली. तीन केसांच्या ब्रशने घोड्याच्या बरगडीवर रेघ ओढायची म्हणजे चष्मा वर की खाली इथपासून सुरुवात.

तेव्हा क्लबातले एक जुने सभासद मदतीला आले. छापखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीपुढचे गृहस्थ. ते म्हणाले, घोडा रंगवायचा नसतो, पुसायचा असतो. ही युक्ती इंग्रज वॉरगेमरांमध्ये जुनीच आहे. आता यूट्यूबवरची तरुण मंडळी ती नव्याने शोधल्यासारखी दाखवतात. मी ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकलो.

पद्धत अशी. घोड्यावर आधी करड्या स्प्रेचं अस्तर. त्यावर ॲक्रिलिकचा एकच सपाट हात, पण तो घोड्याच्या अंतिम रंगापेक्षा बराच उजळ आणि उबदार. कुमाईत घोडा हवा तर नारिंगीकडे झुकणारा तपकिरी. त्याहून तांबूस हवा तर पिवळट नारिंगी. काळा हवा तर गडद तांबूस. या टप्प्यावर घोडे जत्रेतल्या लाकडी खेळण्यांसारखे भडक दिसतात आणि घरातले लोक काळजीने बघू लागतात. हा थर एक दिवस पुरता वाळू द्यायचा, वर सॅटिन वॉर्निशचा हलका हात द्यायचा. मग तेलरंग. कुमाईताला बर्न्ट अंबर, तांबूस घोड्याला बर्न्ट सिएना, काळ्याला काळा. रंग जेमतेम पातळ करून, जुन्या जाड ब्रशने घोडा पोटाखालपासून कानापर्यंत सगळा माखायचा. इथे कौशल्य लागत नाही, फक्त कोपरा सुटता कामा नये. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग मेकअपचा स्पंज घेऊन पाठीकडून खाली, स्नायूंच्या वळणाने, रंग पुसत यायचं.

आणि इथे गंमत होते. पुठ्ठे, खांदे, बरगड्या, मानेचा बाक असे जे जे उंचावर आहे तिथला रंग स्पंजावर येतो आणि खालचा उबदार थर चमकतो. जांघेत, मांडीच्या घळीत, लगामाच्या पट्ट्याखाली रंग तसाच राहतो. मधल्या भागात तो अर्धवट पुसला जातो, त्यामुळे उजेडाकडून सावलीकडे जाणारी छटा आपोआप मऊ उतरते. ॲक्रिलिकमध्ये जी छटा आणायला थरावर थर चढवावे लागतात, ती इथे एका पुसण्यात मिळते. घोडा घडवताना शिल्पकाराने स्नायूंचा अभ्यास केलेलाच असतो. आपण फक्त त्याचं काम दिसू द्यायचं. एका घोड्याला पाच मिनिटं पुरतात, आणि त्या पाच मिनिटांत बारीक नजर कुठेच लागत नाही.

कुमाईताची आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय नंतर काळे केले. एकदोन घोडे अबलख केले. एक पंचकल्याणी केला, चारही पाय आणि कपाळ पांढरं. सरदाराला शोभेल असा पांढरा घोडाही हवा होता. त्याला पांढऱ्या अस्तरावर राखाडी तेलरंग लावून पुसला.

तेलरंगाचा हा उपयोग समजायला थोडं रसायन लागतं. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की काही मिनिटांत त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो, मग माघार नाही. तेलरंगातलं जवसाचं तेल उडत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्याला काही दिवस लागतात. तोवर रंग हलवता येतो, पातळ करता येतो, सगळा पुसूनही टाकता येतो. आणि त्यासाठी जे व्हाइट स्पिरिट वापरतात ते वाळलेल्या ॲक्रिलिकला सहसा धक्का लावत नाही. खालचा थर सुरक्षित, वरचा ओला, म्हणून हात बिनधास्त चालतो. झटपट रंगवण्याच्या इतर युक्त्या वेगळ्या वाटेने जातात. पूर्वी शिपाई तपकिरी वॉर्निशच्या डब्यात बुडवून झटकत असत. २०१९ साली बाजारात आलेले सिटाडेलचे काँट्रास्ट रंग एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही देतात. पण दोन्हींत रंग जिथे साचला तिथे तो लगेच टिपला नाही तर कायमचा राहतो. तेलरंग मात्र जेवून आलो तरी वाट बघत असतो.

या वाट बघण्यातच खरी बचत आहे. घोडे एकेक रंगवायचे नसतात, पंगत मांडायची असते. सोमवारी रात्री डझनभर घोडे माखले आणि पुसले, की पुढचे दिवस ते झाकणाच्या खोक्यात वाळतात आणि मी ऑफिसला जातो. रंग माझ्या अनुपस्थितीत आपलं काम करत असतो. नोकरी करणाऱ्या माणसाकडे सलग चार तास नसतात, पण मुलगी झोपल्यावरची वीस मिनिटं असतात. वाळवणीचा वेळ कमी करायच्याही युक्त्या आहेत. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून काही तास ठेवला, की पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो. रंग लवकर वाळतो आणि चकाकतही नाही. बर्न्ट अंबर तर मुळातच घाईचा, कारण त्या मातीत मँगनीज असतं आणि ते तेल वाळायला मदत करतं. टायटॅनियम व्हाइट मात्र सुस्त. म्हणून घोड्यांच्या कपाळावरचे पांढरे पट्टे मी शेवटी ॲक्रिलिकनेच दिले.

बर्न्ट अंबरची माझी ट्यूब कॅमलची आहे, पुण्याहून आणलेली. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग मी शाळेपासून वापरतो. त्या छापखानेवाल्या गृहस्थांनी ट्यूबवरचा उंट बघून भुवई उंचावली, आणि पुसून झाल्यावर ट्यूब मागून घेतली.

स्वारांना वेगळी पद्धत लागते, कारण कपड्यांवर रंग अनेक. इथे मूळ रंग ॲक्रिलिकने सपाट भरले, वर चकचकीत वॉर्निश मारलं आणि मग तेलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये चहाइतका पातळ करून सोडला. गुळगुळीत पृष्ठभागावर तो पातळ रंग घड्यांच्या फटींतून आपोआप धावत जातो. ब्रशचं टोक पागोट्याच्या एका पिळाला टेकवलं की रेघ पलीकडच्या बाजूला पोचलेली असते. तासाभराने कॉटन बडने वरची बाजू पुसली. पांढरे अंगरखे रंगवणं ॲक्रिलिकमध्ये शिक्षा असते. इथे पांढऱ्यावर पातळ रॉ अंबर फिरवून पुसलं, तर धुवट सुती कापड दिसू लागलं. तोफांच्या पितळेवर काळा आणि अंबर मिसळून फिरवला. शेवटी मॅट वॉर्निश, की चकाकी गेली.

चेहऱ्यांबाबत माझं एक जुनं दुखणं होतं. इथल्या कित्येक मार्गदर्शिकांत भारतीय शिपायांसाठी एकच तपकिरी रंग सुचवलेला असतो, आणि मग अख्खी पलटण एकाच आईची लेकरं वाटते. आपल्याकडे एका गावच्या पारावर बसलेल्या चार माणसांचे रंग चार असतात. मी तीन-चार वेगवेगळे तपकिरी मूळ रंग घेतले आणि सगळ्यांवर बर्न्ट सिएना फिरवून कमी-जास्त पुसला. हाताने पुसलेले दोन चेहरे सारखे होतच नाहीत. जी गोष्ट मुद्दाम करायला कष्ट पडले असते, ती या पद्धतीच्या ओबडधोबडपणातून फुकट मिळाली.

तळपट्ट्यांवरही मी अडून बसलो. इथे सवयीने सगळीकडे हिरवळ चिकटवतात. मी म्हटलं, जालन्याकडची जमीन काळी आणि महिना सप्टेंबरचा. तेव्हा वाळूवर काळा आणि अंबर यांचा पातळ हात, आणि पावसाळ्यानंतरच्या गवताचे विरळ झुबके.

या सगळ्यात एकच गोष्ट हलकी घेऊ नये. व्हाइट स्पिरिटचा वास डोक्यात जातो, तेव्हा कमी वासाचं घ्यावं आणि नोव्हेंबरच्या थंडीतही खिडकी उघडी ठेवावी. तेलाने भिजलेली फडकी आणि स्पंज चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं, आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी ती बाहेर पसरून कडक वाळवतो. आमची ही गॅलरीतल्या दोरीवर तपकिरी चिंध्या बघून म्हणाली, “शेजाऱ्यांना वाटेल आपण घरी मोटार दुरुस्त करतो.”

लढाईच्या दिवशी माझ्या घोड्यांना फारसं काम नव्हतं. असईत मराठ्यांचं घोडदळ बहुतांशी लढाईबाहेरच उभं राहिलं, आणि आमच्या नियमांतही फाशावर सहा पडल्याशिवाय ते हलत नव्हतं. झुंज दिली ती पायदळाने आणि तोफखान्याने. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला आणि डायोमेड नावाच्या त्याच्या अरबी घोड्याला भाला लागला. त्याच्या फौजेतली दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज इंग्रज पुढे सरकल्यावर उठून पुन्हा तोफा डागू लागले, ते टेबलावरही घडलं, आणि समोरच्या खेळाडूचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवट मात्र इतिहासासारखाच.

घोडे उभेच असल्यामुळे लोक त्यांच्याभोवती जमले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. टेबलावरची फौज हातभर लांबून बघतात. त्या अंतरावरून डोळ्याची बाहुली किंवा लगामाची कडी दिसत नाही. स्नायू, घड्या, उजेड आणि सावली एवढंच दिसतं. तेलरंग नेमकं तेवढंच देतो, त्याहून जास्त देत नाही. प्रदर्शनात काचेच्या कपाटात ठेवायचा एकच शिपाई असेल, तर ही पद्धत अपुरी पडेल. पण जिथे संख्या मोठी आणि अंतर हातभर आहे, तिथे बारीक ब्रशने ओतलेला वेळ वाया जातो.

एका तरुण सभासदाने त्या दिवशी विचारलं, सुरुवात करायची तर काय काय घ्यावं? मी सांगितलं: बर्न्ट अंबरची एक ट्यूब, व्हाइट स्पिरिटची बाटली, स्पंजांचं पाकीट. महागडा ब्रश मुळीच नको. पुढच्या हंगामासाठी क्लबात पानिपताचं नाव निघालं आहे. तिथे घोडदळ बाजूला उभं राहिलं नव्हतं, आणि घोडे असईच्या कितीतरी पट लागतील. मी हो म्हणालो आहे.