पाना सटकला

मननासाठी: उपदेशक 10:9-10



प्रायश्चित्तकाळातला शनिवार होता. चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाची छाटणी झाली होती. फांद्या जाळायच्या नाहीत, चिपरमधून काढून तो भुसा झाडांच्या आळ्यात घालायचा, असं आम्ही ठरवलं होतं. पण चिपर लाकूड कापेना, नुसतं चेंदू लागला. पाती बोथट झाली होती.

चिपरच्या पोटात एक जड लोखंडी चकती असते. तिच्यावर पाती बोल्टांनी आवळलेली असतात. आमच्या यंत्राला दोन पाती, प्रत्येक पात्याला दोन बोल्ट. तीन बोल्ट निघाले. चौथा हलेना. गंज आणि कडुनिंबाचा डिंक, दोघांनी मिळून त्याला धरून ठेवलं होतं.

संध्याकाळच्या मिस्साला तासभर उरला होता. आम्ही पान्याच्या दांड्याला पाइप लावला, म्हणजे जोर जास्त बसेल. चकती फिरू नये म्हणून दृढीकरणाच्या वर्गातल्या एका मुलाला ती हाताने धरायला सांगितली. बोल्टचे कोपरे झिजले, पाना सटकला, चकती फिरली. मुलाच्या तळहाताला चार टाके पडले.

त्याची आई धावत आली. “पाना सटकला, ताई,” आम्ही म्हणालो.

ती मुलाकडे वळून म्हणाली, “तूच नीट धरलं नसशील.”

मुलगा काही बोलला नाही. आम्हीही नाही.

सोमवारी चिपर लोडिंग रिक्षात घालून देवास गेटजवळच्या एका मिस्त्रींकडे नेला. त्यांनी आधी इंजिनच्या प्लगची वायर काढली. मग विचारलं, “चक्का किससे रोका था?” आम्ही उत्तर दिलं नाही. त्यांनी लाकडाची पाचर ठोकून चकती पक्की अडकवली. तारेच्या ब्रशने बोल्टभोवतीचा गंज आणि डिंक खरवडला, गंज सोडवणारं तेल सोडलं, हातोडीने डोक्यावर हलके ठोके दिले. “कल आना.”

आंच देऊन लवकर निघणार नाही का, असं आम्ही विचारलं. त्यांनी मान हलवली. तेल पेट घेईल आणि पात्याचं पाणी उतरेल, मग धार टिकणार नाही.

दुसऱ्या दिवशी झिजलेल्या डोक्यावर त्यांनी किंचित लहान सॉकेट ठोकून बसवलं. बोल्ट आधी जरासा आवळला, मग सैल केला. कुरकुरत का होईना, तो निघाला. जुने चारही बोल्ट त्यांनी बाजूला टाकले. नव्यांच्या डोक्यावर 10.9 असा आकडा होता. साधा बोल्ट इथे चालत नाही, फिरत्या पात्याचा झटका त्याला सोसत नाही. दोन्ही पात्यांना सारखी धार लावली, कारण एक जड आणि एक हलकं झालं तर चकती थरथरते. बोल्ट मापाच्या पान्याने आवळले. थोडा वेळ चालवून यंत्र बंद करा आणि पुन्हा तपासा, असंही बजावलं.

उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात लाकूडतोड्याच्या जिवाला असलेला धोका सांगितला आहे. लगेच पुढे म्हटलं आहे की हत्यार बोथट असेल तर ताकद जास्त लागते, शहाणपणाने काम साधतं. वर्गात आम्ही धारेबद्दल दरवर्षी शिकवतो. धोक्याची ओळ मात्र भरभर वाचून पुढे जातो.

परत येताना ‘पाना सटकला’ हे आमचंच वाक्य मनात घोळत राहिलं. किती सोयीचं वाक्य! त्यात कुणीच काही केलेलं नसतं. आणि कुणीच केलेलं नसलं की दोष सगळ्यात लहान माणसाच्या वाट्याला जातो.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण ‘आम्ही’ म्हणतो. पण मिस्साच्या सुरुवातीला छाती पिटून पापांची कबुली देताना सगळं देऊळ एका सुरात ‘मी’ म्हणतं. हा फरक आम्ही मुलांना समजावून सांगतो. तो या वेळी आम्हाला समजावून घ्यावा लागला.

बुधवारी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्यासमोरच आईला सांगितलं, “पाना मी सटकवला. चकती हाताने धरायला मीच सांगितलं. याची काही चूक नव्हती.”

ती बराच वेळ गप्प बसली. रागावली होती, आणि रागावण्याचा तिला हक्क होता. मग तिने मुलाचा पट्टी बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

मुलाने खाली बघतच विचारलं, “तो चौथा बोल्ट निघाला का?”

हे प्रभो, आमच्या घाईपायी ज्यांना जखम झाली, त्यांच्यासमोर ‘मी’ म्हणण्याचं धैर्य आम्हाला दे. आमेन.