'थांबा' ही पाटी

आमच्या शाळेच्या मागील फाटकापासून निघून जुन्या मिशन-बंगल्यावरून बाजाराकडे वळणारी जी अरुंद वाट आहे, तिला नगरपालिकेच्या दप्तरीं कांहीं तरी मोठें नांव आहे. परंतु तेथें राहणारे आम्ही तिला नुसती 'गल्ली' म्हणतों. दोन्ही बाजूंस घरें, घरांपुढें ओटे, ओट्यांवर वाळत घातलेलें धान्य, आणि मध्यें मुलांचा चेंडूफळीचा डाव, असें तिचें रूप मी येथें राहावयास आलों तेव्हां होतें. पुढें हमरस्त्यावर सिग्नल बसला, तेथें गाड्यांच्या रांगा लागूं लागल्या, आणि कोणा चतुर मनुष्यानें शोध लाविला कीं, गल्लींतून गेल्यास तो सिग्नल चुकवितां येतो. चतुराईची बातमी पसरावयास वेळ लागत नाहीं. हल्लीं तर मोबाइलवरील नकाशाही अनोळखी वाटसरूस हीच वाट दाखवितो. सकाळीं शाळा भरण्याच्या वेळीं व सायंकाळीं सुटण्याच्या वेळीं गल्लींत जी धांवपळ चालते, ती पाहून एखाद्या परक्या मनुष्यास वाटावें कीं पलीकडे कोठें तरी आग लागली आहे.

गल्ली जेथें दवाखान्याच्या रस्त्यास छेदून जाते तेथें नगरपालिकेनें एक लाल, अष्टकोनी पाटी उभारिली आहे. तिजवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द आहे: 'थांबा'. याहून लहान वाक्य व्याकरणाच्या पुस्तकांतही सांपडावयाचें नाहीं. कर्ता अध्याहृत, कर्म मुळींच नाहीं, आणि अर्थाविषयीं संदेह घेण्यास जागा नाहीं. तरीही त्या एका शब्दाचे अर्थ लावण्यांत आमच्या गांवानें जी प्रतिभा दाखविली आहे ती मोठमोठ्या टीकाकारांसही साधली नसती. कोणी त्याचा अर्थ 'हॉर्न वाजवा' असा घेतो. कोणी 'उजवीकडे ओझरती नजर टाका' असा. आणि तरुण मंडळी बहुधा 'दुसरा कोणी तरी थांबेल' असा.

खरा अर्थ असा आहे कीं, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे गाडीचीं चाकें पूर्णपणें स्थिर व्हावीं, चालकानें दोन्ही बाजूंस पाहावें, येणाऱ्यास जाऊं द्यावें, आणि मग पुढें जावें. वेग कमी करणें म्हणजे थांबणें नव्हे. या पाटीचा इतिहास थोडा गमतीचा आहे. तिचा आरंभ अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं १९१५ सालीं झाला असें मानितात. तेव्हां ती पांढरी चौकोनी असून अक्षरें काळीं होतीं. १९२३ च्या सुमारास तिला आठ कोन देण्याचें ठरलें. दुसऱ्या कोणत्याही पाटीचा असा आकार नसल्यामुळें ती धुळीनें माखली अथवा पाठमोरी दिसली तरी ओळखूं यावी, हा त्यांतील लाभ. पुढें कित्येक वर्षें ती पिवळी होती, कारण ऊनपावसांत टिकणारा लाल रंग त्या काळीं मिळत नसे. तो मिळूं लागल्यावर १९५४ सालीं ती लाल झाली. आमच्या चौकांतील पाटी मात्र त्या वेळीं निंबाच्या फांदीआड अर्धी दडलेली होती, आणि न थांबणाऱ्यांस तेवढी एक सबब मिळत होती.

गेल्या वर्षीं नववीच्या मुलांबरोबर मीं एक लहानसा उपक्रम केला. आठवडाभर शाळा भरण्यापूर्वीं अर्धा तास चार-चार मुलांनीं कुंपणाच्या आंत उभें राहावयाचें आणि वहींत तीन सदरांखालीं रेघा ओढावयाच्या: 'पूर्ण थांबले', 'हळू झाले', 'तसेच गेले'. गाडीचा क्रमांक अथवा चालकाचें नांव लिहावयाचें नाहीं, असा मीं सक्त नियम केला होता. पहिल्या दिवशीं पहिलें सदर जवळजवळ कोरेंच राहिलें. त्यांत विशेष कांहीं नव्हतें. मला तशी अपेक्षा होतीच. परंतु दुसऱ्या दिवशीं एका मुलानें पेन्सिल वर धरून मला हळूच विचारलें, "सर, बाबांची गाडी गेली. तीही लिहायची का?" मीं म्हटलें, "रेघ ओढ. रेघेला नांव नसतें." त्यानें तिसऱ्या सदरांत रेघ ओढली, पण पुढचीं दहा मिनिटें तो कोणाशीं बोलला नाहीं.

या उपक्रमापासून एक गोष्ट मात्र उघड झाली. गल्लींतील मंडळी जेव्हां जेव्हां या प्रश्नाची चर्चा करीत, तेव्हां दोष बाहेरच्यांवर ठेवीत: 'हे सिग्नल चुकविणारे', 'हे नवीन वसाहतींतले'. आमच्या मुलांनीं चेहरे ओळखले होते, जरी लिहिले नव्हते. बाहेरचे पुष्कळ होते हें खरें. पण आपल्या पाल्यास फाटकापाशीं वेळेवर पोंचविण्याच्या घाईंत दुसऱ्याच्या पाल्याजवळून जोरानें जाणारे आमचेच होते. पालकवर्गानें याचा राग मानूं नये. माझ्याजवळ नांवें नाहींत, आणि असतीं तरी तीं येथें आलीं नसतीं.

आतां विद्यार्थ्यांसाठीं थोडें गणित. गल्लीची लांबी चारशें मीटर धरा. ताशीं ३० किलोमीटर वेगानें ती पार करण्यास ४८ सेकंद लागतात, ताशीं ५० ने सुमारें २९. म्हणजे एवढ्या सर्व धडपडीनें मिळविलेला लाभ एकोणीस सेकंदांचा. त्याची किंमत काय पडते तें पाहा. पुढें एकाएकीं मूल आलेलें दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. तेवढ्यांत ३० च्या वेगाची गाडी ८ मीटर पुढें जाते. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असल्यास, आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३ मीटर. ५० च्या वेगाची गाडी त्या एका सेकंदांतच १४ मीटर जाते आणि थांबण्यास तिला आणखी तितकेच मीटर लागतात. ज्या जागीं पहिली गाडी उभी राहिलेली असते, त्या जागीं दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती तेथून पूर्ण वेगानें जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते हें तुम्ही शिकलां आहां. त्या हिशेबानें ५० च्या वेगांतील आघात ३० च्या पावणेतीन पट होतो. आपल्या देशांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि सरकारी अहवालाप्रमाणें त्यांपैकीं दहांतील सुमारें सात मृत्यूंच्या मुळाशीं अतिवेग होता.

आमच्या गल्लींतील प्रकार त्या आंकड्यांत जमा झाला नाहीं, यासाठीं देवाचे आभार मानावे. आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहतात. तीस वर्षें त्यांनीं रुग्णालयांत परिचारिकेचें काम केलें, आणि गल्लींतील अर्ध्या घरांत रात्रीबेरात्रीं त्यांना बोलावणें गेलेलें आहे. जून महिन्यांत एके सकाळीं दुधाची बरणी घेऊन त्या चौक ओलांडीत असतां एका दुचाकीचा धक्का लागून पडल्या. खुब्याचें हाड मोडलें. दुचाकीवर पंधरा वर्षांचा मुलगा होता. गाडी वडिलांची, किल्ली आईनें दिलेली, काम कोपऱ्यावरून ब्रेड आणण्याचें. मुलगा पळाला नाहीं. भिंतीला टेकून थरथरत उभा होता. हें त्याच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे.

सायंकाळीं वडील फळें घेऊन आले. गल्लींतील चार वडीलधारे जमले, आणि 'मिटवून टाका' हा आपल्याकडील सुप्रसिद्ध शब्द निघाला. मला तो शब्द आवडत नाहीं. मिटवून टाकलेली गोष्ट बहुधा मिटलेली नसते. ती फक्त दिसेनाशी होते. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या १९९-अ या कलमाप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांपुरती रद्द होते. आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. हें मीं तेथें वाचून दाखविलें तेव्हां वडिलांचा चेहरा उतरला. पुष्कळ पालकांस हें ठाऊक नसतें.

पोलिसांत वर्दी दवाखान्यातर्फे गेलीच होती. पुढें काय व्हावयाचें तें कायद्यानें होईल. परंतु बाईंनीं खाटेवरून वडिलांस जें सांगितलें तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. त्या म्हणाल्या, "फळं घरी न्या आणि मुलांना द्या. मला एवढंच सांगा, उद्या किल्ली कुठे ठेवणार?" वडिलांस उत्तर देतां आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं ते पुन्हा आले आणि किल्ली आपण कचेरींत जातांना बरोबर नेतों, असें सांगून गेले.

यानंतर गल्लींतील तरुणांस जोर चढला. एका घराच्या बांधकामांतून उरलेलें काँक्रीट त्यांनीं रातोरात रस्त्यावर आडवें टाकलें आणि त्यास गतिरोधक असें नांव दिलें. त्यास ना उतार, ना रंग, ना अलीकडे सूचनेची पाटी. हेतु चांगला होता. पण त्या ढिगाऱ्याचा पहिला प्रसाद मिळाला तो दवाखान्यांतून रुग्णवाहिकेनें घरीं येणाऱ्या बाईंनाच. त्या हादऱ्यानें त्या कळवळून ओरडल्या, तो आवाज मीं माझ्या ओट्यावरून ऐकिला. आठवड्याभरांत नगरपालिकेनें तो ढिगारा उखडून टाकिला, आणि तें योग्यच झालें.

गतिरोधक हें शास्त्र आहे. आर्थर हॉली कॉम्प्टन या पदार्थविज्ञानवेत्त्याचें नांव वरच्या वर्गांतील मुलांनीं ऐकलें असेल. त्यांस १९२७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या आदल्या वर्षीं ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत येऊन राहिले होते. पुढें सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे ते प्रमुख झाले, तेव्हां आवारांतून भरधांव जाणाऱ्या मोटारी पाहून १९५३ सालीं त्यांनीं स्वतः गणित मांडून रस्त्यावरील उंचवटे तयार केले. ज्यानें क्ष-किरणांचा स्वभाव उलगडला त्या मनुष्यास शाळेपुढील रस्ता हा विषय क्षुल्लक वाटला नाहीं! आपल्या देशांतही इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें माप घालून दिलें आहे: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, आणि पाठ कमानीसारखी गोल. असा गतिरोधक ताशीं २५ किलोमीटरनें सुखानें ओलांडतां येतो, आणि त्याहून जोरानें गेल्यास चालकास स्वतःच्याच पाठीचा कणा आठवतो.

मापाचा कागद जोडून आम्हीं रीतसर अर्ज केला. गल्लींतील एका गृहस्थांची सूचना होती कीं, गतिरोधकाऐवजीं प्रत्येक घरापुढें 'थांबा' अशी पाटी मागावी. मीं विरोध केला. अशा पाट्यांचा सर्वांत अधिक अनुभव असलेल्या अमेरिकेंतील अधिकृत नियमावलींतच म्हटलें आहे कीं, वेग आवरण्यासाठीं ही पाटी लावूं नये. कारण साधें आहे. जेथें थांबण्याचें प्रयोजन दिसत नाहीं तेथें माणसें थांबत नाहींत, आणि मग जेथें थांबणें अवश्य आहे तेथेंही तिला जुमानीत नाहींत. शिवाय वाहतुकीच्या पाट्या लावण्याचा अधिकार कायद्याच्या ११६ व्या कलमानें सरकारचा व त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यांचा आहे. कोणीही उठून खांब रोवावा अशी सोय नाहीं. त्या गृहस्थांनीं मास्तर फार पुस्तकी आहेत असें मत दिलें. असेल.

हॉलंड देशांत डेल्फ्ट शहरच्या लोकांनीं याहून निराळी वाट काढिली. सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं त्यांनीं आपल्या गल्ल्यांत झाडें, बांक व वळणें अशीं रचलीं कीं मोटारीस सरळ धांवतांच येऊं नये. १९७६ सालीं त्यास कायद्याची मान्यता मिळाली. त्या रचनेस त्यांच्या भाषेंत जें नांव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'राहण्याचें अंगण' असा होतो. ऑस्ट्रियांतील ग्राझ शहरानें १९९२ सालीं मोठे रस्ते सोडून सर्व शहरास ३० ची मर्यादा घातली. गल्लीस अंगण म्हणण्यासाठीं आपल्याला हॉलंडास जाण्याची गरज नव्हती. माझ्या आजीच्या तोंडीं दुसरा शब्दच नव्हता.

आमच्या अर्जाचें फळ म्हणून फेब्रुवारींत शाळेच्या फाटकापाशीं एक गतिरोधक झाला, मापाप्रमाणें, पांढरे पट्टे मारलेला. निंबाची फांदी नगरपालिकेच्या माळ्यानें छाटली आणि चौकांतील पुसट झालेली रेघ पुन्हा ओढण्यांत आली. नववीच्या मुलांनीं, जीं आतां दहावींत आहेत, पुन्हा आठवडाभर मोजणी केली. फाटकापाशीं गाड्या हळू होतात, पण तेथून चौकापर्यंत जी मोकळी जागा मिळते तींत गमावलेला वेळ भरून काढण्याचा कित्येकांचा प्रयत्न असतो. 'पूर्ण थांबले' हें सदर पूर्वींइतकें कोरें नाहीं. परंतु पान भरण्यास त्यांत पुष्कळ जागा आहे. म्हणून चौकाच्या अलीकडे दुसरा गतिरोधक हवा, असा अर्ज दहावीच्या मुलांनीं स्वतः लिहिला, मीं केवळ शुद्धलेखन तपासलें. बाई आतां चौकटीच्या आधारानें फाटकापर्यंत चालतात. चौक ओलांडावयास अजून धजत नाहींत, दूध गवळीच आणून देतो. अर्जावर त्यांची पहिली सही आहे. अभियंतेसाहेब जागा पाहून गेले असून, पावसाळा संपल्यावर काम हातीं घेऊं, असें त्यांनीं मुलांस सांगितलें आहे.